शनिवारी पाच वाजता बाख

फ्रिडोलिन हेफ्टीने विचारायचं नाही असं ठरवलं आणि तिथेच सगळं बिघडलं. एक साधा फोन केला असता तर पुढचे तीन आठवडे वाचले असते, आणि त्याचा काळा सूटही. पण फोन करून विचारणं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं. आणि फ्रिडोलिनला माहीत नाही अशी गोष्ट ग्लारुसच्या खोऱ्यात अजून कोणी पाहिलेली नव्हती. (खोरं अरुंद आहे, हिवाळ्यात ऊन दुपारी तीनलाच काढता पाय घेतं, त्यामुळे आमच्याकडे एकूण दिसतंच कमी.)

झालं होतं ते एवढंच. फ्रिडोलिनची एकुलती एक मुलगी रेगुला बाझलच्या एका इस्पितळात नर्स होती आणि बाल्त्स एफिंगर नावाच्या तिथल्याच डॉक्टरशी तिचं जुळलं होतं. मुलाच्या आईवडिलांनी फ्रिडोलिन आणि त्याची बायको हिल्डी यांना ऑगस्टमधल्या एका शनिवारी बाझलला बोलावलं होतं. एक मुक्काम करायचा आणि रविवारी जेवून परत. बाझल आगगाडीने दोन-सव्वादोन तासांवर. पण ग्लारुसच्या माणसाला झुरिकच्या पुढे परदेश सुरू होतो, आणि बासष्ट वर्षांत फ्रिडोलिन झुरिकच्या पुढे कधी गेलेला नव्हता. त्याने ताबडतोब एक फाइल उघडली आणि तिच्यावर 'बाझल : प्रथम भेट (लघु)' असं लिहिलं. नदीच्या बंधाऱ्यांची देखरेख करणाऱ्या कचेरीत तो हेडक्लार्क होता. फाइल उघडली की पाणी आपोआप वाट सोडतं असा त्याचा अनुभव होता.

फाइलमध्ये पहिला कागद जाण्याआधीच रेगुलाचा फोन आला.

"बाबा, एकच मागते. ऐकशील?"

"दहा माग."

"एकच. जे माहीत नसेल ते माहीत नाही म्हण. प्लीज. बाल्त्स पहिल्यांदा घरी आला तेव्हा तू त्याला तासभर गुडघा समजावून सांगितलास."

"मग? उपयोगी माहिती होती."

"बाबा, तो गुडघ्यांचाच डॉक्टर आहे!"

"तो काही बोलला नाही."

"तो सभ्य आहे. त्याची आई सभ्य नाही, ती थेट बोलते. आणि मला ती आवडते. तिच्यासमोर मला तुझी लाज वाटायला नको, एवढंच. मला खरंच नाही वाटून घ्यायची."

शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज कापरा झाला होता. फ्रिडोलिनला ते लागलं. त्याने छातीवर हात ठेवून वचन दिलं (फोनवर हात दिसत नाही, पण त्याने ठेवला) आणि ते वचन जेमतेम दोन दिवस टिकलं.

कारण दोन दिवसांनी फ्राउ सलोमे एफिंगर यांचा संदेश आला : "शनिवारी पाच वाजता बाख, मग आमच्या गच्चीवर अपेरो. पहिल्यांदाच येताय, सांभाळून घेऊ!"

"बाख?" हिल्डी चष्मा पुसत म्हणाली. "म्हणजे ओढ्यावर नेणार आपल्याला?" (आमच्या भाषेत बाख म्हणजे ओढा. त्या थोर संगीतकाराचं आडनावही ओढाच, त्याला आता कोण काय करणार?)

"ओढ्यावर!" फ्रिडोलिनने डोक्याला हात लावला. "अगं, एफिंगर आहेत ते. जुनं बाझलचं घराणं. घरात तीन पियानो आहेत, रेगुलाच सांगत होती. ही माणसं ओढ्यावर जातील? मैफल आहे, मैफल! बाखची. आणि नंतर गच्चीवर वाइन आणि चीजच्या चार चकत्या."

"विचारून घे ना एकदा."

"विचारायचं कशाला? मला माहीत आहे."

आता फ्रिडोलिनला जे कोणी सांगितलं नाही ते तुम्हाला सांगून टाकतो. बाझलच्या मधून ऱ्हाइन वाहते. दोनशे मीटर रुंद, तिच्यातून मालाची जहाजं जातात, आणि शहर संपलं की फ्रान्स लागतो. आणि बाझलकर या एवढ्या मोठ्या नदीला लाडाने 'ओढा' म्हणतात, म्हणजेच बाख. उन्हाळ्यात कचेऱ्या सुटल्या की बँकवाले, न्यायाधीश, आज्या, सगळे कपडे काढून तिच्यात उतरतात आणि प्रवाहाबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला वाहत जातात. याला ते घरी जाणं म्हणतात. फ्राउ एफिंगर एकोणसत्तर वर्षांच्या होत्या आणि चाळीस वर्षं दर शनिवारी पाच वाजता त्या नदीत उडी मारत होत्या.

आणि फ्रिडोलिनला पोहता येत नव्हतं. नऊ वर्षांचा असताना तो लिंथ नदीत पडला होता आणि शेजारच्या शेतकऱ्याने त्याला गवताच्या दाताळ्याने बाहेर ओढलं होतं. तेव्हापासून पाण्याशी त्याचे संबंध फक्त लेखी. रेगुला सहा वर्षांची असताना पोहायला शिकली, तेव्हा हा तलावापासून लांब बाकावर कोट घालून बसायचा. पोरगी पाण्यातून हाका मारायची, "बाबा, ये ना!" आणि हा मांडीवरची फाइल दाखवायचा.

तर तयारी सुरू झाली. वाचनालयातून सहा सीडींचा संच आला. एकट्या चेलोवर वाजवलेला बाख. रोज संध्याकाळी जेवण झालं की फ्रिडोलिन आरामखुर्चीत बसायचा, पहिली सीडी लावायचा, डोळे मिटून दोन्ही हात हवेत हलवायचा. साधारण चौथ्या मिनिटाला हात खाली यायचे. सहाव्या मिनिटाला घोरणं सुरू व्हायचं. हिल्डी स्वयंपाकघरात भांडी पुसत ऐकायची. आठवड्याभरात तिची अशी सवय झाली की चेलो एका ठिकाणी खोल खाली उतरला की ती आपोआप दार लोटून घ्यायची, कारण पुढे नवरा सुरू व्हायचा. दुसरी सीडी शेवटपर्यंत डबीतच राहिली.

दहाव्या दिवशी फ्राउ एफिंगरनी स्वतः फोन केला. फ्रिडोलिन फाइल आणि पेन्सिल घेऊन उभ्यानेच बोलला.

"हेर हेफ्टी, शनिवारी बाखला नक्की ना? मी आधीच विचारते, कारण काही लोकांना जरा धसका असतो."

"धसका? छे हो! बाख तर आमच्या घरात रोज असतो."

"काय सांगता! रोज?"

"जेवण झालं की."

"जेवल्यावर लगेच? बरं नव्हे ते, पण तुम्ही डोंगरातली माणसं, दणकट. ऐका, आमचा बाख तुमच्यापेक्षा जरा वेगळा. सुरुवातीला संथ वाटतो. पुलाखाली मात्र एकदम वेग घेतो, तिथे घाबरायचं नाही."

'पुलानंतर द्रुत,' फ्रिडोलिनने लिहिलं. पूल हा संगीतातला काहीतरी भाग असणार.

"आणि साधारण वेळ किती?"

"वीसेक मिनिटं. पाऊस झालेला असला तर लवकर आटोपतं."

'उघड्यावर,' फ्रिडोलिनने लिहिलं. 'पावसात वाजवणारे घाई करतात.'

"आणि मध्येच उठावंसं वाटलं तर?"

"तर शांतपणे कडेला यायचं. बाहेर पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. फक्त शेवटची चुकवू नका, त्यानंतर सरळ फ्रान्स!" आणि त्या खदखदून हसल्या.

फ्रिडोलिनही खदखदून हसला आणि त्याने लिहिलं : 'नंतर फ्रेंच संगीत. ऐच्छिक.'

"यंदा छान आहे हो," फ्राउ एफिंगर सांगत होत्या. "बावीस! मागच्या शनिवारी अठराच होता, तरी मी गेले. चौदाला मात्र आमचे हे येत नाहीत."

"चौदा म्हणजे कमीच," फ्रिडोलिन जाणकारासारखा म्हणाला. "बावीस असले की भरल्यासारखं वाटतं." (त्या पाण्याचे अंश मोजत होत्या, हा वादक.)

"अगदी! आणि मासे आम्ही आणतो, तुम्ही आणू नका. प्रत्येकाला एक. सात वेळा गुंडाळला की आत थेंब जात नाही."

"वा! आम्ही पाचदाच गुंडाळतो." (हेफ्टींच्या घरात मासा आजवर एकदाही गुंडाळला गेलेला नव्हता.) "आणि पोशाख?"

"अहो, पोशाख कसला विचारता, नेहमीचाच! आमचे हे काळा घालतात."

"माझाही काळाच आहे," फ्रिडोलिन म्हणाला, आणि फोन ठेवून बायकोकडे वळला. "ऐकलंस? काळा. म्हणे ओढा!"

हिल्डी उठून बॅग काढायला गेली. संसाराला चौतीस वर्षं झाली होती. तिने आपली बॅग भरताना तळाशी काहीतरी निळं ठेवलं आणि वर मखमली झगा पसरला.

त्याच रविवारी रेगुलाचा फोन आला. तो हिल्डीने घेतला.

"आई, बाबा खरंच बाखला येतोय? बाल्त्सची आई म्हणाली तो एकदम तयार आहे."

"तयार म्हणजे? रोज सराव चाललाय त्याचा."

"सराव? बाबाचा? कुठे?"

"इथेच, घरात. आरामखुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि हात हलवत राहतो."

"कोरडाच?"

"कोरडाच. मध्ये एक घोट बिअर घेतो."

"त्याला भीती नाही वाटत, आई?"

"पहिल्या दिवशी म्हणाला, फार लांबलचक आहे हे, मला झेपायचं नाही. पण सोडलं नाही. रेगुलासाठी करतोय म्हणतो. तिला माझी लाज वाटायला नको."

रेगुला रडायला लागली. हिल्डीला कळेना. "अगं, रडतेस काय? झालं काय?"

"काही नाही. त्याला काही सांगू नकोस. मी शनिवारी सांगेन त्याला."

हिल्डीने येऊन सांगितलं, "पोरगी रडली."

"बाखचा परिणाम," फ्रिडोलिन म्हणाला आणि हात हलवू लागला.

शनिवारी दोघं निघाली. फ्रिडोलिनच्या अंगावर काळा सूट, बो टाय आणि चकचकीत बूट. कोटाच्या खिशात भेट म्हणून आमच्याकडचं त्सीगर : हिरवं, कडक, शंकूच्या आकाराचं चीज. त्याच्या वासाने झुरिकपर्यंत समोरच्या बाकांवर कोणी बसलं नाही. फाइलमध्ये दर मिनिटाचा आराखडा होता, त्यामुळे ते चाळीस मिनिटं आधी पोचले आणि वेळेवर पोचल्यासारखं दिसावं म्हणून नदीकाठच्या एका झाडामागे उभे राहिले. फ्राउ एफिंगरनी भेटीची जागा कळवली होती : संग्रहालयाजवळचा काठ.

"फ्रिडली," हिल्डी झाडाआडून बघत म्हणाली, "इथे सगळे उघडे आहेत."

"आधुनिक मंडळी आहेत. बाझलमध्ये मैफलीला असंच येत असतील."

"तो म्हातारा चड्डीत आहे."

"काळी आहे ना चड्डी? मग झालं."

बरोबर पाचला ते झाडामागून बाहेर आले. समोर फ्राउ सलोमे एफिंगर उभ्या होत्या. गडद निळा पोहायचा पोशाख, पाय अनवाणी, आणि गळ्यात अस्सल मोत्यांची माळ. शेजारी त्यांचे यजमान निक्लाउस, काळ्या चड्डीत. पलीकडे बाल्त्स आणि रेगुला. फ्राउ एफिंगरनी फ्रिडोलिनला बो टायपासून बुटांपर्यंत पाहिलं आणि माशाच्या आकाराची एक नारिंगी प्लास्टिकची पिशवी त्याच्या हातात दिली.

"हा तुमचा मासा. कपडे आत घाला, सात वेळा गुंडाळा, आणि चला. आज बाख काय सुंदर आहे बघा! बावीस!"

फ्रिडोलिनने माशाकडे पाहिलं. मग नदीकडे. नदीतून वीस-पंचवीस डोकी गप्पा मारत वाहत चालली होती. पूल. संथ, मग द्रुत. बाहेर पडायच्या जागा. फ्रान्स. त्याच्या डोक्यात फाइलचं एकेक पान उलटत गेलं.

तेवढ्यात रेगुला धावत आली आणि तिने त्याला मिठीच मारली.

"बाबा! आईने सांगितलं मला सगळं. तू सराव केलास. माझ्यासाठी. तू, पाण्यात!" तिचे डोळे भरून आले होते. "सहा वर्षांची होते तेव्हापासून वाट बघतेय मी."

आता तुम्हीच सांगा. एका बाजूला ऱ्हाइन, एका बाजूला पोरगी, आणि समोर मोत्यांची माळ घातलेली विहीणबाई. सवयीप्रमाणे फ्रिडोलिनचं तोंड उघडलं. "मला माहीत..." असं निघालंही. 'होतं' म्हटलं की संपलं. पाठदुखीचं काहीतरी सांगून काठावर बसता आलं असतं आणि अब्रूही राहिली असती. पण रेगुला ज्या डोळ्यांनी बघत होती ना, त्या डोळ्यांसमोर त्याला ते जमेना. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा त्याने वाक्य दुसरीकडून संपवलं.

"मला माहीत नव्हतं, रेगुला. मला वाटलं गाण्याचा बाख. मी तीन आठवडे चेलो ऐकला. मला पोहता येत नाही, आणि या नदीची मला इतकी भीती वाटतेय की आत्ता इथून पळून जावंसं वाटतंय."

बाल्त्स सभ्य असल्यामुळे आकाशाकडे बघू लागला. रेगुलाचा चेहरा आधी पडला, मग थरथरला. ती रडतेय की हसतेय ते कळेना. शेवटी तिने बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, "हे जास्त अवघड होतं, बाबा. पोहण्यापेक्षा."

"पोहता येत नाही त्याने बाखमध्ये उतरायचं नाही," फ्राउ एफिंगर थेट बोलल्या. "तो नियम आहे आणि मी तो मोडू देणार नाही. पण पायऱ्या आहेत. पाय बुडवायला कोणाची हरकत?"

मग एका बाजूला रेगुला, दुसऱ्या बाजूला फ्राउ एफिंगर, आणि मधे बो टाय, अशी तिघं पायऱ्या उतरली. फ्रिडोलिनने डोळे गच्च मिटले होते. बूट काढायचं त्याला सुचलंच नाही. पाणी लागलं. त्याने श्वास रोखला. आणखी एक पायरी. नऊ वर्षांचा फ्रिडली, ते दाताळं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. तरी तो थांबला नाही.

"किती आलो?" त्याने कापऱ्या आवाजात विचारलं. "छातीपर्यंत?"

"घोट्यापर्यंत, बाबा."

हे ऐकून त्याने डोळे उघडले, आणि डोळे उघडल्यामुळे तोल गेला. शेवाळलेल्या पायरीवर तो काळ्या सूटसकट बसला, कमरेपर्यंत पाण्यात. खिशातलं त्सीगर भिजलं. वास कुठल्या दिशेने गेला ते सांगायला नको, दोन बदकं तातडीने पलीकडच्या काठाला गेली. आणि रेगुला? ती शेजारी पाण्यात बसली आणि पोट धरून हसली. सहा वर्षांची असताना हसायची, तशी. फ्रिडोलिन पायऱ्यांजवळची लोखंडी कडी धरून बसला होता, पण हसणं ऐकून त्याने एक हात सोडला आणि तिच्यावर थोडं पाणी उडवलं.

"आई कुठेय?" रेगुलाने मध्येच विचारलं.

आई नदीत होती. मखमली झगा घडी करून माशात घातलेला, सात वेळा गुंडाळलेला, आणि अंगात निळा पोहायचा पोशाख. बॅगेच्या तळातून काढून तो तिने निघतानाच झग्याखाली घातला होता. निक्लाउस एफिंगरशी गप्पा मारत ती पहिल्या पुलापर्यंत पोचलीसुद्धा होती. तिने लांबून हात हलवला.

"ओढा!" ती ओरडली. एवढंच.

रेगुला पोहायला गेली नाही. ओला बाप आणि ओली मुलगी काठाकाठाने चालत, पावलागणिक पचपच आवाज करत एफिंगरांच्या घरी पोचले. वाटेत तो तिला म्हणाला, "तुला लाज वाटली?" ती म्हणाली, "वाटली. खूप. पण मजा पण आली." फ्रिडोलिनला एवढं पुरलं.

गच्चीवर अपेरो सुरू झाला. फ्रिडोलिन निक्लाउसच्या पट्ट्यापट्ट्यांच्या झग्यात बसला होता, सूट दोरीवर होता, आणि त्सीगर, सर्वानुमते, शेजारच्यांच्या बाजूच्या कठड्यावर. फ्राउ एफिंगरनी ग्लास उचलला आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "मी मोठी आहे, म्हणून मीच सुरुवात करते. मला सलोमे म्हण. आजपासून अरे-तुरे."

"मी फ्रिडोलिन," तो म्हणाला, आणि त्याने तिच्या ग्लासला ग्लास लावला.

"तुझं मला काय आवडलं सांगू, फ्रिडोलिन? माहीत नाही म्हणालास. चाळीस वर्षांत या गच्चीवर हे वाक्य कोणी बोललेलं नाही."

फ्रिडोलिनला नवं बळ आलं. इतकं सोपं होतं हे! त्यानंतर त्याने झपाटाच लावला. वाइन कुठली? "माहीत नाही!" समोरचा मनोरा कोणता? "मला काय माहीत!" गुडघा दुखतो का? "ते बाल्त्सला विचारा, मला माहीत नाही!" दर उत्तराला टाळ्या पडत होत्या आणि रेगुला कौतुकाने बघत होती.

इतक्यात निक्लाउस आत जाऊन सीडी लावून आले. गच्चीवर सूर तरंगत आले.

"ओळख पाहू, फ्रिडोलिन," निक्लाउस म्हणाले. "कोणाचं आहे?"

फ्रिडोलिनने मन लावून ऐकलं. मान तिरकी केली, डोळे मिटले. चांगलं मिनिटभर ऐकलं आणि मग छाती पुढे काढून, प्रसन्न चेहऱ्याने तो म्हणाला, "मला अजिबात माहीत नाही! आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतोय."

"शाबास!" सलोमे म्हणाली.

हिल्डीने ओले केस झटकले आणि शांतपणे ऑलिव्ह तोंडात टाकलं.

"बाख आहे तो," ती म्हणाली. "पहिली सीडी. थांबा जरा, आत्ता चेलो खाली उतरेल, आणि तिथून पुढे याचं घोरणं आहे."